अकराव्या खांबापाशी

रडारच्या फिल्मवर चालती गाडी कधीच रस्त्यावर दिसत नाही. ती रस्त्याच्या बाजूला कुठेतरी भलतीकडेच उमटते, आणि जितकी जोरात पळत असेल तितकी लांब उमटते. तेमिरगालीला हे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं. पुढची चव्वेचाळीस वर्षं चहाच्या प्रत्येक बैठकीत त्याने ते लोकांना ऐकवलं.

बाल्खाश सरोवराच्या काठावरच्या त्या वसाहतीला १९७४ साली नाव नव्हतं, पोस्टाचा नंबर तेवढा होता. चाचणीच्या दिवशी विमान काठाकाठाने उडत जायचं आणि उत्तरेच्या माळरानावर रडार रोखून धरायचं. त्या माळावरून एक सरळसोट कच्चा रस्ता सरोवराकडे येत होता. रस्त्याकडेला दर किलोमीटरला एक लोखंडी खांब, खांबावर आकडा. तेमिरगालीचं काम एवढंच की टपावर रडारचे किरण परत फेकणारे पत्र्याचे तिकोनी परावर्तक बसवलेला ट्रक नेमल्या मिनिटाला, साठच्या वेगाने, त्या रस्त्यावरून न्यायचा. एकोणसाठ नाही, एकसष्ट नाही. चालत्या वस्तूचं चित्र रडारला नीट काढता येतं का, हे शास्त्रज्ञांना तपासायचं होतं, आणि ती चालती वस्तू म्हणजे तेमिरगाली.

दुसरा ट्रक ओराझबेकचा. तो पहिल्या खांबापाशी नुसता उभा करायचा, तुलनेसाठी.

"फिल्मवर मी कायम रस्त्यावर असतो," ओराझबेक छाती फुगवून सांगायचा. "आणि हा बघावा तेव्हा मिठाच्या तळ्यात!"

"तू झोपलेला असतोस, गाढवा. झोपलेला माणूस चुकेल कसा?"

असं का होतं हे त्यांना नोन्ना पेत्रोव्हनाने एकदा खाणावळीत मिठाची डबी आणि दोन चमचे मांडून समजावलं होतं. नोन्ना फिल्म वाचायची. तेव्हा ती चोवीस वर्षांची, सडपातळ आणि अंधाऱ्या खोलीत बसून बसून पांढरी पडलेली. "विमान असं धरून चालतं की खाली सगळं जागच्या जागी उभं आहे," ती म्हणाली होती. "कुणी त्याच्या दिशेने चालत आलं की त्याचा हिशेब चुकतो आणि ते त्या माणसाला बाजूला नेऊन ठेवतं. तू साठने येतोस, म्हणून रस्त्यापासून बरोबर एक किलोमीटर बाजूला दिसतोस. काल नऊशे मीटरवर होतास. चोपन्नने चालवलीस काल. खोटं बोलू नकोस."

तेमिरगाली खोटं बोलला नव्हता, कारण त्याला बोलायला सवडच मिळाली नव्हती. त्या दिवसापासून ड्रायव्हर लोक तिला वचकून असत.

आता नोन्ना अडुसष्ट वर्षांची होती. चाचण्या घेणारी संस्था बंद पडल्यावर तिने पंचवीस वर्षं गावातल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, आणि येत्या रविवारच्या गाडीने ती मुलीकडे समाराला कायमची चालली होती. मंगळवारी तिने तेमिरगालीला फोन केला.

"तेमिर, पुस्तकं बांधतेय. तुझी एक वस्तू सापडली."

"माझी? माझं काय असणार तुमच्याकडे? कुलूप-बिलूप?"

"फिल्म आहे. वीतभर. सव्वीस मेची."

तेमिरगाली फोन धरून खुर्चीत बसला. पलीकडून नोन्नाने विचारलं, "ऐकतोयस ना? त्यात तुम्ही दोघं आहात."

*

त्याच्या बायकोला, कामशातला, जाऊन वर्ष होत आलं होतं. पुढच्या गुरुवारी वर्षाचं जेवण घालायचं होतं. जेवणासाठी कापायचा घोडा ठरला होता, आचारी ठरला होता, मुलगी अल्माटीहून येणार होती. जेवणानंतर गेलेल्या माणसाविषयी ज्याने त्याने उठून बोलायचं असतं. तेमिरगाली काय सांगणार हे सगळ्या गावाला आधीच माहीत होतं. ट्रकने मुलगी जिंकल्याची गोष्ट.

कझाखांच्यात मुलीला पळत्या घोड्यावर गाठायचा खेळ जुना आहे. मुलगी पुढे, मुलगा मागे. खुणेच्या आत गाठलं तर मुका. नाही गाठलं तर परतीच्या वाटेवर तिने मागे लागायचं आणि चाबकाने झोडपून काढायचं. तेमिरगाली रेल्वेच्या अनाथालयात वाढलेला. त्याला घोड्यावर बसता येत नव्हतं. कझाख असून घोड्यावर बसता येत नाही, ही गोष्ट त्या काळी माणूस चारचौघांत सांगत नसे.

कामशात पलीकडच्या सरकारी शेतावरची टपालवाली. साइडकार जोडलेली उराल मोटरसायकल घेऊन ती आठवड्यातून दोनदा वसाहतीच्या फाटकापर्यंत टपाल आणि पाव आणायची. पाव धुळीने माखतात म्हणून तेमिरगालीने तिला टाकाऊत निघालेला एक परावर्तक दिला होता. तीन पत्रे कोपऱ्यात जुळवलेलं ते खोकं तिने साइडकारमध्ये तोंड पुढे करून बसवलं आणि वरून कापड बांधलं. पाव त्यात छान राहायचे.

तिचे भाऊ तिला शेतावरच्या जनावरांच्या डॉक्टरला द्यायला निघाले होते. तेमिरगालीने फाटकापाशी, टपालाच्या पिशवीवर सही करता करता लग्नाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घोड्यावर बसता येतं?"

"नाही."

"अगंबाई! मग मला पकडणार कसा? पायी?"

"ट्रक आहे."

ती इतकी हसली की फाटकावरचा शिपाई बाहेर डोकावला. मग म्हणाली, "बरं. पाचव्या खांबापासून चौदाव्यापर्यंत. पकडलंस तर मी भावांशी बोलते. नाही पकडलंस तर चाबूक तयार ठेवते, ड्रायव्हर."

पुढे जन्मभर ती त्याला ड्रायव्हरच म्हणत आली.

अडचण अशी होती की ट्रक मोकळा मिळायचा तो फक्त चाचणीच्या दिवशी. त्या दिवशी रस्ता बाकीच्यांना बंद असायचा, आणि वेग साठ असा लेखी हुकूम होता. सव्वीस मेला सकाळी कामशात ओढ्यातून, फाटक चुकवून, पाचव्या खांबापाशी आली. तेमिरगालीने घड्याळ बघितलं आणि पाय तळाला टेकवला. परावर्तकांचं ओझं घेऊन ट्रक जास्तीत जास्त बहात्तरने पळायचा. उराल पंच्याऐंशीने पळायची.

पुढचं सगळं धूळ होती. तिच्या धुळीत शिरून तो आंधळ्यासारखा चालवत राहिला. तेरावा खांब गेला आणि अचानक धूळ विरळ झाली. उराल त्याच्या डाव्या दाराशी होती. कामशातच्या डोक्यावरचा रुमाल सुटला होता आणि ती हसत होती.

ही झाली त्याची गोष्ट. तिची गोष्ट निराळी होती.

"मी अकराव्या खांबापाशी वेगाची मूठ सोडली," ती म्हणायची. "नाहीतर हा कुठला पकडतोय! याला तर अजून घोड्यावर बसता येत नाही."

"अकराव्याला मी कुठे होतो? दिसत तरी होतो का तुला?"

"तुझी धूळ दिसत होती."

"मग धुळीसाठी मूठ सोडलीस?"

"हो, धुळीसाठी. घे चहा."

हे भांडण त्यांनी त्रेचाळीस वर्षं चालवलं. मुलीच्या लग्नात चालवलं. इस्पितळातही चालवलं. शेवटच्या आठवड्यात ती अर्धवट डोळे मिटून पुटपुटली होती, "अकरावा, ड्रायव्हर," आणि तो म्हणाला होता, "तेरावा. मी पकडलं तुला." मान्य केलं असतं तर काय बिघडलं असतं, हे त्याला आता रोज सकाळी केटली चुलीवर ठेवताना वाटायचं.

आधी त्याला जिंकायचं होतं, कारण घोडा न येणाऱ्या माणसाजवळ सांगण्यासारखं तेवढं एकच होतं. आता त्याला हरायचं होतं. तिने खरंच मूठ सोडली असेल तर तिने त्याला निवडलं होतं. नसेल सोडली, इंजिनाने दगा दिला असेल किंवा ट्रक त्याला वाटला त्याहून जोरात पळाला असेल, तर ती फक्त सापडली होती. यातलं काय खरं, हे सांगणारं माणूस आता उरलं नव्हतं. उरली होती वीतभर फिल्म.

*

शुक्रवारी दुपारी तो शाळेत गेला. शुक्रवार म्हणून गेलेल्यांच्या नावाने सात शेल्पेक तळले होते. पातळ भाकरीसारख्या त्या पोळ्या आता त्यालाच तळाव्या लागत, आणि कडा काळ्या व्हायच्याच. प्रयोगशाळेची किल्ली साउलेकडे होती. साउले नोन्नाची जुनी विद्यार्थिनी, आता तिच्या जागी शिकवायची.

"या, तेके," तिने वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं त्याचं नाव आखडून हाक मारली. "जपून, पडदे ओढलेत. अहो, या जळल्यात."

"मागच्या शुक्रवारी बघायला हव्या होत्यास. या सुधारलेल्या आहेत."

संस्था मोडीत निघाली तेव्हा नोन्नाने तिथलं जुनं प्रकाशाचं टेबल भंगारवाल्याच्या हातून सोडवून शाळेत आणलं होतं. लांब लोखंडी पट्टी, तीवर ओळीने भिंगं, एका टोकाला लाल किरण सोडणारी नळी आणि दुसऱ्या टोकाला दुधी काच. विमानातून यायची ती फिल्म साध्या डोळ्यांना नुसती रेघारेघांची दिसे. तिच्यातून लाल प्रकाश सोडला आणि भिंगं जुळवली की काचेवर माळरान उमटायचं. तेमिरगालीने आयुष्यात ते कधीच बघितलं नव्हतं. ड्रायव्हरांना त्या खोलीत मज्जाव होता.

नोन्ना उंच स्टुलावर बसली होती. दोन चष्मे, एक डोळ्यांवर, एक डोक्यावर.

"हे तुम्ही तेव्हा दिलं का नाहीत?" त्याने विचारलं.

"कुणाला? चाचणीच्या समितीला? त्यात नेमल्यापेक्षा जोरात पळणारा एक ट्रक होता, आणि बंद रस्त्यावर एक अनोळखी वस्तू, ट्रकपेक्षाही लख्ख चमकणारी. मी डोकं धरून बसले. एवढं काय चमकतंय? रणगाडा?"

"पावाचं खोकं."

"ते मला संध्याकाळी कळलं. फाटकावर तिची गाडी बघितली, त्यावर आमचाच परावर्तक!" नोन्ना हसली. "ही फिल्म दिली असती तर तुला सहा महिने कोठडी, तिची नोकरी गेलेली, आणि मला तीनशे पानं खुलासे. आळस केला. तेवढा तुकडा कापला, वहीत लिहिलं, 'फिल्म तुटली'. विमानवाल्यांनी पुन्हा उडून दिलं. खरं तर जाळायला हवी होती."

"मग?"

"नाही जाळली."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत? मी तुमच्या घराचे नळ दुरुस्त केले, नोन्ना पेत्रोव्हना!"

"गुप्ततेच्या कागदावर सही केली होती, तेमिर. मुदत संपली तोवर सवय झाली होती." मग ती म्हणाली, "आणि तुमचं भांडण छान चाललं होतं. मी कशाला निकाल लावू?"

साउलेने दिवा मालवला. लाल किरण भिंगांतून गेला. काचेवर आधी नुसती मुंग्यांची वारुळं फुटल्यासारखी चुळबुळ दिसली. नोन्नाने एक स्क्रू फिरवला, आणि माळ उमटला. काळ्यावर लाल. काळी गुळगुळीत पट्टी म्हणजे रस्ता. तिच्या कडेला ठिपके, सारख्या अंतरावर.

"खांब!" तेमिरगाली ओरडला. "हे आमचे खांब!"

"मोज. वरून पहिल्यापाशी तो मोठा ठिपका दिसतो? ओराझबेक."

"झोपलेला."

"साफ झोपलेला. किती टोकदार आलाय बघ."

त्याला एकदम सगळं आठवलं. महिन्याला मिळणारे घट्ट दुधाचे डबे, खाणावळीतल्या कोबीचा वास, केबिनमध्ये उन्हाने तापलेलं रेक्झीन, ओराझबेकचं घोरणं, आणि फाटकाच्या दिशेने लांबून येणारा उरालचा आवाज, जो तो दोन किलोमीटरवरून ओळखायचा. यातलं काहीच काचेवर नव्हतं. काचेवर ठिपके होते.

नोन्नाने पेन्सिलीचं टोक रस्त्यापासून बाजूला नेलं. मिठाच्या कोरड्या तळ्यात एक चमकदार ठिपका होता.

"हा तू. रस्त्याची पुढे-मागे जागा खरी असते, फक्त बाजू चुकते. तेव्हा तू होतास दहाव्या खांबाच्या किंचित पुढे. रस्त्यापासून," तिने मोजपट्टी लावली, "बाराशे मीटर. बहात्तर. हुकूम काय होता?"

"साठ."

"बहात्तर."

"तळाला टेकला होता पाय," तो पुटपुटला. म्हणजे ट्रक त्याला आठवत होता तेवढाच पळाला होता. त्याहून जोरात नाही. एक शंका मिटली.

"आणि ही ती."

पेन्सिल पुढे सरकली. तोही ठिपका तळ्यात होता, पण रस्त्याच्या जास्त जवळ. आणि तो ठिपका नव्हताच. आडवा फिसकटलेला डाग होता, ओल्या कागदावर शाई पसरावी तसा.

"कितवा खांब?" तेमिरगालीने विचारलं.

"तूच मोज."

त्याने बोट काचेला न लावता मोजलं. मग पुन्हा मोजलं. साउलेने मोजलं.

"अकरावा," साउले म्हणाली.

"रस्त्यापासून आठशे मीटर. अठ्ठेचाळीसचा वेग," नोन्ना म्हणाली. "उराल अठ्ठेचाळीसने पळते?"

"पंच्याऐंशीने." तो डागाकडे बघत होता. "पण ही अशी पसरलेली का? मी तर नीट आलोय."

"तुझा पाय हलला नाही म्हणून. एकाच वेगाने चालणारा टोकदार येतो. वेग बदलत असला की पसरतो. तो वाढत होता की कमी होत होता, तेही कळतं. हे भिंग बघ. वेग वाढत असेल तर पुढे सरकवल्यावर ठिपका जुळतो. कमी होत असेल तर मागे."

"तुम्ही तेव्हा सरकवलं होतं?"

"मला उत्तर माहीत आहे. सरकव तू."

तेमिरगालीने हात पँटला पुसला. भिंगाची मूठ पितळेची होती, गार. त्याने आधी ते पुढे सरकवलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. भीती वाटली असेल. डाग आणखी पसरला, फिका पडत पडत माळात मिसळून गेला. त्याने घाईने भिंग जागेवर आणलं. मग दम घेऊन मागे सरकवायला लागला, केसभर, पुन्हा केसभर. डाग आक्रसला. आणखी आक्रसला. आणि एका ठिकाणी तो सुईच्या टोकाएवढा होऊन असा लखलखला की त्याच्यापुढे ट्रक मंद वाटायला लागला.

बाहेर व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुली गुणांवरून भांडत होत्या.

"इंजिन गचकलं असेल," तो अखेर म्हणाला. "प्लग खराब होता तिचा."

"असेल. कारण फिल्म सांगत नाही. फिल्म एवढंच सांगते की अकराव्या खांबापाशी तिचा वेग कमी होत होता." नोन्नाने डोळ्यांवरचा चष्मा काढून डोक्यावरचा लावला. "अकरावा खांब हे ती कधीपासून म्हणत होती?"

"पहिल्या दिवसापासून."

"तिने ही फिल्म बघितली होती?"

"नाही."

"मग?"

तो स्टुलावर बसला. दोन ठिपक्यांमधलं अंतर त्याने बोटांनी मापलं, मग खांबांच्या अंतराशी ताडून बघितलं. नऊशे मीटर. ती नऊशे मीटर पुढे होती. चौदावा खांब तिच्यापासून तीन किलोमीटर होता. ती सहज निघून गेली असती आणि संध्याकाळी फाटकापाशी चाबूक घेऊन उभी राहिली असती.

"नऊशे मीटरवरून मी काय दिसणार होतो तिला," तो म्हणाला. "नुसती धूळ."

"तेके, रडताय का?" साउलेने हळूच विचारलं.

"हरलोय मी, पोरी. हरलेला माणूस रडणार नाही तर काय करेल? दिवा लावू नकोस अजून."

*

गुरुवारी जेवणाला दीडशे माणूस होतं. नोन्ना रविवारीच गेली होती. जाताना फिल्म तिने दोन काचांमध्ये चिकटवून दिली होती, आणि ती तेमिरगालीच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. मौलवींचं वाचन झालं, मांसाची ताटं उठली, दुधाचा चहा फिरला. भाचा बोलला, शेजारीण बोलली, टपाल खात्यातली एक म्हातारी बोलली. मग सगळ्यांनी तेमिरगालीकडे बघितलं. ओराझबेकने शेजारच्याला कोपर मारलं. "आता तेरावा खांब येणार. चहा भरून घे."

तेमिरगाली उभा राहिला.

"सव्वीस मे," त्याने सुरुवात केली. "आम्ही पाचव्या खांबापासून निघालो. माझा ट्रक बहात्तरने पळत होता. तिची उराल पंच्याऐंशीने. ज्याला हिशेब येतो त्याने करावा. ती मला कधीच सापडली नसती."

"अरे, अरे!" ओराझबेकने पेला खाली ठेवला. "चव्वेचाळीस वर्षं आमचे कान किटवलेस की तू तिला पकडलंस!"

"पकडलं नाही. अकराव्या खांबापाशी तिने मूठ सोडली."

"कुणी सांगितलं?"

"तिने सांगितलं. तू पण शंभरदा ऐकलंयस."

"आणि तू आज मानलंस?"

"आज मानलं."

मुलगी दारात चहाची केटली घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. तेमिरगाली खाली बसला. गोष्ट नेहमीपेक्षा खूपच लवकर संपली होती आणि लोकांना काय करावं ते कळेना. शेवटी ओराझबेकनेच घसा खाकरला.

"मी पण होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "पहिल्या खांबापाशी. सगळं या डोळ्यांनी बघितलं."

"तू झोपलेला होतास," तेमिरगाली म्हणाला. "पुरावा आहे माझ्याकडे."